मोनेचा समुद्र, सोलापूरचा उन्हाळा: नक्कल करतेय, अडलेय

उन्हाची_सावली | ४ एप्रिल, रात्री ९:५०

मंडळी, शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली होती. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं ब्रश हातात धरला तो दिवाळीच्या पणत्या रंगवण्यापुरता. आता मुलगा पुण्याला गेलाय, संध्याकाळी दोन तास मोकळे मिळतात, म्हणून अ‍ॅक्रिलिक रंग आणले आणि ठरवलं की समुद्र काढायचा.

समुद्र आयुष्यात तीनदा पाहिलाय. त्यातला एकदा टॅक्सीच्या खिडकीतून. मनाने काढायला बसले तर कॅलेंडरवरचा समुद्र उतरला: नारळ, होडी, मावळता सूर्य. फाडून टाकला. मग म्हटलं, ज्याला येतं त्याचं बघून काढू.

चित्र निवडलंय ते क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं, १८८२ सालचं. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर पूरव्हिल नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथल्या कड्यावर दोन बायका वाऱ्यात उभ्या आहेत, एकीच्या हातात छत्री, खाली समुद्रात पांढरी शिडं. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतं. इतकं मोठं की ब्रशचा एकेक फटकारा मोजावा. (सासूबाईंना म्हटलं, मोनेंचं चित्र काढतेय. त्या म्हणाल्या, "कुठले मोने, साताऱ्याचे का?")

तीन आठवडे झाले. समुद्र डिस्टेंपर मारलेल्या भिंतीसारखा दिसतोय. पॅलेटवरचा रंग मी ब्रश धुवून येईपर्यंत वाळून खडखडीत. उजवीकडचा कडा अंगावर येतोय. आणि त्या दोन बायका का कुणास ठाऊक बुटक्या झाल्यात. फोटो जोडलाय. हसा, पण मदत करा.

शेंगाचटणी | ४ एप्रिल, रात्री १०:१५

काय ताई, सोलापुरात एप्रिलमध्ये रंग वाळूलालाय म्हणून तक्रार करूलालाव! इथं माणसं वाळूलालेत उभ्या उभ्या.

चित्र मात्र भारी हाय. बुटक्या बायका आमच्या गल्लीतल्याच वाटतात.

बोर्डवाले_काका | ५ एप्रिल, सकाळी ६:३०

ताई, चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बॅनर रंगवले. फ्लेक्स आला तेव्हा हात थांबला. तुमच्या बायका का बुटक्या झाल्या ते फोटो बघताच कळलं. तुम्ही कॅनव्हास १२ बाय १६ इंची घेतलाय ना? आणि मूळ चित्राचे आडवे-उभे सारखे भाग पाडून तेवढेच भाग कॅनव्हासवर पाडलेत?

मूळ चित्र ६६.५ बाय ८२.३ सेंटिमीटर आहे, मघाशी बघून घेतलं. त्या मापाने १६ इंच रुंदीला उंची जवळजवळ १३ इंच हवी. तुमच्याकडे १२च आहे. एक इंच जागा कमी पडली, ती सगळ्यांच्या उंचीतून थोडी थोडी कापली गेली. आभाळ दबलं तर कुणाला कळत नाही. माणूस दबला की लगेच डोळ्यात खुपतं.

१६ बाय २०चा कॅनव्हास घ्या. त्यात फरक फक्त चार मिलिमीटरचा राहतो, तेवढं आभाळ वरून सोडून द्या. दोन-दोन इंचाचे खाने पाडले की आडवे दहा, उभे आठ, एकूण ऐंशी. चित्राची छापील प्रत दहा इंच रुंद काढून घ्या, तिच्यावर एक-एक इंचाचे. खाना चौरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी पट्टीने तपासा. वीस फुटी बॅनरला आम्ही निळीत बुडवलेली दोरी दोन्हीकडून ताणून टण्णकन मारायचो, रेष उमटायची आणि फडक्याने पुसलीही जायची. तुम्हाला हलकी पेन्सिल पुरे.

अजून एक. खाना भरताना तो शेजारच्या खान्यापासून तोडून बघा. "ही बाई आहे" असं मनात आणू नका. "या खान्यात डाव्या कोपऱ्यातून एक पांढुरका तुकडा वर चढतोय" एवढंच बघा. चित्र उलटं टांगून काढलंत तर आणखी बरं. पोस्टरवरचे हिरोचे डोळे आम्ही कैकदा उलटेच काढलेत.

उन्हाची_सावली | ५ एप्रिल, सकाळी ८:०५

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! एक इंच! मी तीन आठवडे त्या बायकांचे घागरे लांबवत बसले होते.

पाटी_कोरी | ५ एप्रिल, दुपारी १:२०

थोडं कडू बोलतो. नक्कल करून हात बसतो, नजर बसत नाही. तुम्ही मोनेचं चित्र घेतलंय म्हणून मोनेचाच दाखला देतो. १८६७ साली त्याला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसायची परवानगी मिळाली. लोक तिथे जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला करायला जात. यानं भिंतीकडे पाठ फिरवली आणि सज्जातून खालचा रस्ता, बाग आणि समोरचं चर्च रंगवलं. तीन चित्रं केली, तिन्ही बाहेरची. मग तुम्ही त्याची नक्कल करणं हा त्याचाच अपमान नाही का? सिद्धेश्वर तलावावर जाऊन बसा की.

कात्रण_वही | ५ एप्रिल, दुपारी ३:४०

पाटी_कोरी, किस्सा खरा आहे, पण अर्धाच सांगितलात. तोवर मोनेचे शिकण्याचे दिवस सरत आले होते. शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी पाठ फिरवली तर त्याला समोर दिसणार काय?

व्हॅन गॉगचं बघा. १८८९-९०मध्ये सॅं-रेमीच्या रुग्णालयात असताना त्याने मिले या आधीच्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसच्या वर चित्रं केली. हाताशी होते ते काळे-पांढरे छाप. रंग सगळे याचे. त्याचं म्हणणं असं की वादक दुसऱ्याने रचलेलं वाजवतो, पण वाजवणं त्याचं स्वतःचं असतं. आपल्याकडे कुणाला हे वेगळं समजावून सांगायला नको. बंदिश गुरूची असते, गाणारा वेगळा असतो.

आणि नकलेचं मोल काय, हे अजिंठ्याला विचारा. जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ अजिंठ्याच्या लेण्यांत नकला करत होते. त्याआधी मेजर गिलने वर्षानुवर्षं केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सच्या चमूच्याही बऱ्याचशा पुढे लंडनलाच आगीत गेल्या. पण त्या पोरांनी तेरा वर्षं जे बघितलं ते थोडंच जळलं?

पाटी_कोरी | ५ एप्रिल, दुपारी ४:०२

बंदिशीचा मुद्दा मान्य. बाकी विचार करतो.

उभा_आडवा | ५ एप्रिल, रात्री ११:१०

मी यंत्रमागवाला, चादरीतला माणूस. चित्रकलेतलं कळत नाही, पण ताईंचा समुद्र भिंतीसारखा का दिसतो ते सांगू शकतो असं वाटतं.

मूळ चित्र मोबाईलवर मोठं करून बघितलं. समुद्र एका रंगाचा नाहीच. हिरवट, निळा, जांभळट, मधूनच गुलाबी, असे तुकडे शेजारी शेजारी ठेवलेत. लांबून बघितलं की सगळ्याचा मिळून एक रंग होतो. आमच्या जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, रोज हेच चालतं. ताणा (उभे धागे) निळा आणि बाणा (आडवे धागे) लाल घेतला तर लांबून चादर जांभळी दिसते. पण बोट लावून बघा, जांभळा धागा एकही नाही. म्हणूनच ती जांभळी चादर जिवंत दिसते. जांभळ्याच सुतात विणली असती तर सपाट दिसली असती.

तुम्ही पॅलेटवर सगळं घोटून एकच निळा केलात आणि रुंद ब्रशने आडवा फिरवलात. म्हणजे एकरंगी सूत वापरलंत.

आता धोक्याची गोष्ट. कुठलेही दोन रंग शेजारी घातले तर चालत नाही. लाल ताण्यावर हिरवा बाणा घातला की माल मातकट दिसतो. आमच्या वडिलांनी एकदा एका व्यापाऱ्याच्या हट्टापायी अशा चादरी विणल्या. चार गठ्ठे माल वर्षभर घरात पडून होता, आम्ही पोरं त्याच्यावर झोपायचो. शेजारी ठेवायचे रंग उजेडाला सारखे हवेत, जात तेवढी वेगळी.

उन्हाची_सावली | ६ एप्रिल, सकाळी ७:२५

उभा_आडवा भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि उठून पलंगावरची चादर खिडकीपाशी नेऊन बघितली. आमची करड्या रंगाची समजत होते ती चादर पांढरी आणि काळी निघाली. वीस वर्षं पांघरतेय.

नवीन कॅनव्हास आणलाय, १६ बाय २०.

निवृत्त_चष्मेवाला | ६ एप्रिल, सकाळी ११:००

"उजेडाला सारखे" हा मुद्दा फार मोलाचा आहे, त्याला जोडून सांगतो. याच मोनेचं १८७२चं सूर्योदयाचं चित्र, ज्यावरून त्याच्या चित्रपंथाला इम्प्रेशनिझम हे नाव पडलं, त्यातला केशरी सूर्य धुक्यातून पेटल्यासारखा दिसतो. त्या चित्राचा फोटो काळा-पांढरा करून बघा. सूर्य जवळजवळ गायब होतो! कारण त्याचा उजळपणा भोवतालच्या आभाळाइतकाच आहे, वेगळा आहे तो नुसता रंग. उजळपणा आणि रंग यांची दखल मेंदू वेगवेगळ्या वाटांनी घेतो, त्यामुळे तो सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. मार्गारेट लिव्हिंग्स्टन या मेंदू-शास्त्रज्ञ बाईंनी हे छान उलगडून दाखवलंय.

उपाय साधा आहे. मूळ चित्राचा आणि तुमच्या चित्राचा फोटो फोनवर काळा-पांढरा करा आणि शेजारी शेजारी ठेवा. गडबड रंगाची आहे की उजेडाची, अर्ध्या मिनिटात कळेल. फोन नसेल तर डोळे किलकिले करून बघा.

शेंगाचटणी | ६ एप्रिल, दुपारी २:३०

डोळे किलकिलेच असतात इथं दुपारी बारा ते चार.

उन्हाची_सावली | १९ एप्रिल, रात्री १०:३०

प्रगती सांगते. आणि एक कबुली आहे, हसायचं नाही.

चष्मेवाले काकांच्या सांगण्यावरून दोन्ही फोटो शेजारी ठेवले. काळे-पांढरे चांगले जुळले. रंगीत केले तर माझं चित्र कावीळ झाल्यासारखं. समुद्र पिवळट, आभाळ पिवळट, त्या बायकांचे कपडे तर हळदीच्या कार्यक्रमाचे. चार दिवस रंग बदलून बघितले, पांढऱ्याला दोष दिला, ट्यूबलाइट बदलली. शेवटी पोराला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो म्हणाला, "आई, तुझ्या फोनचं ते डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळी करणारं सेटिंग चालू आहे ना? मीच करून दिलं होतं." संध्याकाळी सातला आपोआप सुरू होतं. आणि मी रंगवायला बसते साडेसातला!

म्हणजे मी अगदी इमानेइतबारे नक्कल करत होते, फक्त मोनेची नाही.

आता बाकीचं. वाळण्यावर तोडगा सापडला. स्टीलच्या चपट्या डब्यात ओला फडका घडी करून घालायचा, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही मऊ. कूलरची हवा थेट कॅनव्हासवर येत होती तीही वळवली. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, त्यामुळे कालवताना हवा त्यापेक्षा किंचित उजळ ठेवते. रंग सहाच ठेवलेत. मोनेने १९०५मध्ये एका पत्रात स्वतःचे रंग सांगितले होते: पांढरा, कॅडमियम पिवळा, हिंगुळाचा लाल, गडद मंजिष्ठा (किरमिजी लाल), कोबाल्ट निळा आणि एक हिरवा, बस्स. हिंगुळात पारा असतो म्हणून मी त्याऐवजी साधा लाल घेतला. काळा नाहीच. सुरुवातीला हात सारखा काळ्याकडे जायचा. कड्याच्या सावल्या काळ्या नाहीत हे पटायला वेळ लागला. तिथला दगड चुनखडीचा, पांढरा, त्यामुळे आभाळाची निळाई सावलीत उतरते, जांभळी होते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात हे एवढं कुठून दिसणार?

पण सगळ्यात मोठी गोष्ट फटकाऱ्यांची. गवत आखूड, वाकड्या, चटचट ओढलेल्या फटकाऱ्यांचं आहे हे आधीच दिसलं होतं. ऐंशी खाने एकेक करून भरताना लक्षात आलं की बायकांच्या कपड्यांतही तेच फटकारे आहेत, जरा बदललेले. आणि खाली समुद्रातही तेच! वारा कुठे काढलेलाच नाही. गवत, ओढणी, पाणी, तिघांना एकाच हाताने एकाच बाजूला ढकललंय, तोच वारा. मी आधी गवत काढताना गवत काढत होते, पाणी काढताना पाणी. ब्रश बदलत होते!

बोर्डवाले_काका | २० एप्रिल, सकाळी ६:१०

शाब्बास. आता उजव्या कड्याचं बोला, तो अजून अंगावर येतोय का?

उन्हाची_सावली | २० एप्रिल, सकाळी ९:४५

काका, त्याचीच मजा सांगायची राहिली. खाने बरोबर पाडूनही तो कडा मला जड वाटत होता, कारण मी त्याच्यात गडद रंग फार भरला होता. दोनदा कडेकडेने आभाळ आणि समुद्र आत ढकलून त्याला बारीक केलं. मग सहज संग्रहालयाचं टिपण वाचलं. त्या चित्राचे क्ष-किरण फोटो काढलेत, आणि त्यांत दिसतं की मोनेनेही उजवीकडचा तोच खडक आधी मोठा काढला होता आणि नंतर कमी केला, समुद्र आणि आभाळाचा तोल साधावा म्हणून.

वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले. चूक त्याची आणि माझी सारखी नव्हती हे मला कळतं. पण त्या कोपऱ्यापाशी तोही अडला होता.

पाटी_कोरी | २० एप्रिल, सकाळी १०:३०

हे मात्र आवडलं. नक्कल करत नसता तर हे टिपण वाचूनही काही वाटलं नसतं. मी माझं आधीचं बोलणं निम्मं मागे घेतो. उरलेलं निम्मं तुम्ही बाहेर जाऊन बसलात की.

कात्रण_वही | २० एप्रिल, दुपारी १२:१५

चित्रातल्या त्या दोघी बहुधा मार्थ आणि ब्लांश, मोनेच्या जवळच्या ओशदे घराण्यातल्या दोन थोरल्या मुली. पैकी ब्लांश पुढे स्वतः चित्रकार झाली, मोनेच्या शेजारी इझेल लावून रंगवायची. तेव्हा बुटकी करू नका तिला.

चित्रावर सही करताना "मोनेवरून" असं लिहा हं. तो १९२६ला गेला, कायद्याची अडचण नाही, पण रीत म्हणून.

उन्हाची_सावली | ११ मे, सकाळी १०:५०

पाटी_कोरींच्या उरलेल्या निम्म्यासाठी.

काल पहाटे साडेपाचला तुळजापूर रोडवरच्या हिप्परगा तलावावर गेले. नवरा स्कूटरवर कॅनव्हास धरून मागे, मी चालवतेय. काठावर बसले, डबा उघडला, सहा रंग. तासाभरात जे झालं ते अगदी वाईट झालं.

पाण्यात हिरवा-निळा घातला, गुलाबी घातला. समोर बघितलं तर तलाव तसा नव्हताच. पाणी मागे सरकलंय, कडेला भेगाळलेला चिखल, पलीकडे वेड्या बाभळी, आणि हवेत धुळीचा असा पडदा की क्षितिजापाशी पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. रंग म्हणाल तर ताकाचा. किंचित तांबूस ताक. मी तिथे नॉर्मंडी रंगवत बसले होते.

सात वाजता चिडून डबा मिटणार तेवढ्यात वारा सुटला. पाण्यावर शिरशिरी धावत आली, तीच काठच्या वाळक्या गवतात शिरली, आणि माझी ओढणी उडाली. मग पॅलेटवरचे निळे-हिरवे बाजूला सारले, पांढऱ्यात नुसता पिवळा आणि मंजिष्ठाचा ठिपका घातला आणि पाणी, गवत, चिखल एकाच आखूड फटकाऱ्याने काढत गेले. वीस मिनिटं मिळाली. मग ऊन तापलं आणि कॅनव्हासकडे बघवेना.

फोटो जोडलाय. डावीकडचा वरचा भाग अजून नॉर्मंडीतच आहे, तो मुद्दाम पुसला नाही.

उभा_आडवा | ११ मे, सकाळी ११:३०

खालचा उजवा कोपरा बघा ताई. तिथे पाणी हलतंय. रंग तीनच दिसतात, पण ताणा-बाणा बसलाय.

पाटी_कोरी | ११ मे, दुपारी १२:००

उरलेलं निम्मंही मागे घेतलं. पुढच्या रविवारी मीही येतो. मला काढता येत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

बोर्डवाले_काका | ११ मे, दुपारी १२:४०

मी येईन. गुडघे दुखतात, प्लॅस्टिकची खुर्ची आणा कुणीतरी. साडेपाच म्हणजे साडेपाच.

कात्रण_वही | ११ मे, दुपारी १:१५

पाण्याच्या फार जवळ बसू नका म्हणजे झालं. १८८५च्या नोव्हेंबरमध्ये नॉर्मंडीतल्याच एत्रता गावच्या कड्याखाली मोनेचा भरतीचा अंदाज चुकला. लाटेने उचलून आपटला, इझेल आणि सामान गेलं, पॅलेट तोंडावर आदळून दाढी निळी-पिवळी झाली.

शेंगाचटणी | ११ मे, दुपारी १:२०

हिप्परग्यात मे महिन्यात बुडायचं म्हणलं तर आधी पाण्यापर्यंत रिक्षा करावी लागल.

मी बी येऊलालोय. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही माझ्याकडं. छत्री कुणीतरी आणा, सातनंतर लागणार हाय.

उन्हाची_सावली | ११ मे, दुपारी १:२५

छत्री माझ्याकडे आहे. सासूबाईंची, काळी.